करणी
करणी : (बीजगणित). धन परिमेय संख्येचे अपरिमेय मूळ म्हणजे करणी, उदा., √२, ∛५. √९ ही ३ असल्याने करणी नव्हे (→ अपरिमेय संख्या). ही संज्ञा शुल्बसूत्रांत आढळते. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात (११५०) करणींवरील सहा क्रिया 'करणीषड्विध' या नावाने येतात. त्यांच्या रीतीने √२ + √८ साठी संख्यांच्या बेरजेत (१०) गुणाकाराच्या मुळाची दुप्पट (८) मिळवून √१८ येते. √ हे चिन्ह क्रिस्टोफ रुडोल्फ यांच्या १५२५ च्या ग्रंथात छापले गेले.

फक्त सजातीय करणी एका पदात मिळवता येतात : √५० + √८ = ५√२ + २√२ = ७√२. याउलट √९ + √१६ = ७, तर √(९ + १६) = ५; मूळचिन्ह बेरजेवर विभागता येत नाही. छेदातील द्विपद करणी अनुबद्ध करणीने गुणून घालवतात (→ परिमेयीकरण) : १/(√५ − √३) = (√५ + √३)/२. वर्गसमीकरणाच्या सूत्रात (→ वर्गसमीकरण) विवेचक धन असून पूर्ण वर्ग नसल्यास, परिमेय सहगुणकांच्या समीकरणाची मुळे अशा अनुबद्ध जोडीनेच मिळतात.