यकृताच्या कर्करोगावरील यकृत प्रत्यारोपण

यकृताच्या स्वतःच्या पेशींत उद्भवलेला कर्करोग, रुग्णालयातल्या बोलीत ‘एचसीसी’, यकृतापुरताच मर्यादित असताना रुग्णाचे सगळे यकृत काढून त्या जागी दात्याचे यकृत किंवा त्याचा भाग बसवण्याची शस्त्रक्रिया. आतड्यातून किंवा स्तनातून पसरत यकृतात आलेला कर्करोग हा वेगळा आजार असून त्याला हा उपाय सहसा लागू होत नाही.

फक्त गाठ काढून का भागत नाही, हा रुग्णाच्या घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. यकृत एरवी धडधाकट असेल तर भागते, आणि मग तेवढा भाग कापून काढणेच शहाणपणाचे. पण बहुतेक रुग्णांत कर्करोग येतो तो आधीच सिरोसिस झालेल्या यकृतात. ‘ब’ किंवा ‘क’ प्रकारची जुनी कावीळ, दारू, मधुमेह व स्थूलपणाबरोबर येणारे चरबीचे यकृत ही त्यामागची नेहमीची कारणे. अशा निबर, गाठाळ यकृताचा मोठा तुकडा काढला तर उरलेल्याला शरीराचा भार पेलत नाही; शिवाय त्या उरलेल्यातही पुढे दुसरी गाठ धरते. प्रत्यारोपणात गाठही जाते आणि ती जिथे धरली ते यकृतही जाते. मोबदल्यात रुग्णाला आयुष्यभर टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. नवे यकृत टिकवणारी ही औषधे, कुठे एखादी कर्कपेशी लपून राहिली असेल तर तिलाही मोकळे रान देतात. या उपचाराची सारी अडचण या एका विसंगतीत आहे.

ती पहिल्या यशातच दिसली. माणसातले पहिले यकृत प्रत्यारोपण थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे केले. रुग्ण टेबलावरच दगावला. १९६७ मध्ये त्यांच्या हातून वर्षाहून अधिक जगलेली पहिली रुग्ण म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांची एक मुलगी. तिचा आजार यकृताचा कर्करोगच होता. नवे यकृत चालले. मुलगी गेली ती उलटलेल्या कर्करोगाने. पुढे १९८०च्या दशकात, कापता न येणाऱ्या अवाढव्य गाठींसाठी शेवटचा उपाय म्हणून प्रत्यारोपणे होत राहिली आणि बहुतेकांत रोग परतला. एखाद्याचे प्राण वाचवू शकणारे दुर्मीळ यकृत कर्करोगाच्या रुग्णाला द्यावेच का, असे शल्यविशारदच विचारू लागले होते.

उत्तर मिलानहून आले. विन्चेन्झो मात्साफेरो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेला निकष सरळ आहे : एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, जास्त असतील तर तीनपर्यंत, आणि त्यांतली एकही ३ सेंटिमीटरहून मोठी नको, कर्करोग मोठ्या रक्तवाहिनीत किंवा यकृताबाहेर गेलेला नको. म्हणजे टपोऱ्या लिंबाएवढी गाठ चालेल, मोसंबीएवढी नाही. अशा रीतीने निवडलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्ण चार वर्षांनंतर हयात होते. अभ्यासात रुग्ण होते अवघे ४८; पण जगभरच्या प्रतीक्षायाद्या आजही या मापावर उभ्या आहेत. शस्त्रक्रियेत मोठा बदल नव्हता. बदलली ती रुग्णाची निवड.

मिलानचे माप फार कडक आहे, अशी तक्रार लवकरच सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २००१ मध्ये एका गाठीची मर्यादा ६.५ सेंटिमीटरवर नेली. जपानमध्ये ‘पाच-पाच-पाचशे’ हा नियम आला : आकार ५ सेंटिमीटरपर्यंत, संख्या पाचपर्यंत, रक्तातील एएफपी ५०० पर्यंत. या तिसऱ्या आकड्याला विशेष अर्थ आहे. सेंटिमीटर हे शेवटी अंदाजाचेच साधन; खरा प्रश्न गाठीच्या स्वभावाचा असतो, आणि एएफपी हे कर्कपेशींतून रक्तात येणारे प्रथिन त्याची थोडीफार चाहूल देते. दुसरी कसोटी काळाची. गाठीला रक्त पुरवणारी धमनी औषध घालून बंद करतात किंवा सुईच्या टोकाच्या उष्णतेने गाठ जाळतात आणि काही महिने थांबतात. गाठ आवरून राहिली तर प्रत्यारोपण. त्या काळातही ती वाढली तर ती नव्या यकृतालाही सोडणार नव्हती, असे मानतात. मोठ्या गाठी अशा उपचारांनी मापात आणून प्रत्यारोपण करण्याची पद्धतही आता रुळली आहे.

निदानाला बहुधा तुकडा काढून तपासावा लागत नाही. सिरोसिसच्या रुग्णात स्कॅनवर गाठ धमनीतल्या रक्ताने आधी उजळते आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा लवकर फिकी पडते. एवढी खूण सहसा पुरते. सुई घातल्यास तिच्या वाटेवर कर्कपेशी सांडण्याची भीती असते.

भारतात याला १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याची चौकट आहे. पहिली यशस्वी यकृत प्रत्यारोपणे १९९८ मध्ये दिल्लीत झाली. महाराष्ट्रात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत होते. पण असे दाते थोडे. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक यकृते घरातूनच मिळतात : आई, मुलगा, बहीण, बायको. देशातल्या जिवंत अवयवदात्यांत स्त्रिया पुरुषांहून बऱ्याच अधिक आहेत. कोशात हेही नोंदलेले बरे. दिलेला भाग रुग्णाच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के लागतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ४८० ग्रॅम. दात्याकडेही त्याच्या यकृताचा साधारण एक तृतीयांश भाग तरी उरावा लागतो. दोघांचे यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते. दात्याच्या जिवाला धोका थोडा असतो, शून्य नसतो.

टेबलावर आधी रुग्णाचे पोट उघडून रोग बाहेर पसरलेला नाही ना, हे पाहतात. पसरलेला दिसला तर शस्त्रक्रिया तिथेच थांबते. म्हणूनच मेंदूमृत दात्याचे यकृत येणार असेल तेव्हा दुसऱ्या रुग्णालाही बोलावून ठेवलेले असते. एकाचे पोट शिवून बंद होते आणि दुसऱ्याला आत घेतात. सगळे सुरळीत असेल तर शिरा जोडून चिमटे सोडल्यावर बर्फात थंडगार, फिकट पडलेले यकृत रक्त भरून तांबूस होते. धमनी आणि पित्तनलिका त्यानंतर जोडतात. नलिकेच्या तोंडाशी सोनेरी पित्त दिसू लागले की खोलीतला ताण सैल होतो.

मापात बसणाऱ्या रुग्णांतही दहातल्या एखाद-दुसऱ्याचा रोग परततो, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत; फुप्फुस, हाडे आणि नवे यकृत या त्याच्या आवडत्या जागा. त्यासाठी एएफपी आणि स्कॅन ठरावीक काळाने होत राहतात. पुढचा अंदाज मात्र काढलेल्या यकृतातूनच बांधतात. विकृतिशास्त्रज्ञ त्याच्या पातळ चकत्या करून एकेक गाठ मोजतो. स्कॅनवरच्या दोन गाठी कधी पाच निघतात, कधी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक शिरांत कर्कपेशी सापडतात. आणि कधी, आधीच्या उपचारांनी गाठ पुरती करपलेली असते, तिच्यात जिवंत पेशी एकही उरलेली नसते.