एका आक्षेपाचें फळ

शास्त्रांचा इतिहास लिहितांना शोधांची नोंद बहुधा तपशीलवार केली जाते. परंतु त्या शोधांवर घेतल्या गेलेल्या आक्षेपांची नोंद वादापुरतीच राहते, व वाद मिटला कीं ती विस्मृतींत जाते. यामुळें आक्षेप म्हणजे शोधाच्या वाटेवरील एक धोंड, अशी समजूत वाचकांच्या मनांत नकळत रुजते. वस्तुतः पुष्कळदा आक्षेपाचें निवारण करतां करतां जें हातीं लागतें, तें मूळ शोधाहूनही मोलाचें ठरतें. मद्रास येथें १९५४ ते १९६३ या नऊ वर्षांत घडलेली अशीच एक हकीकत आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. तिचा विषय प्रथिनांची घडण हा असून, दोन अणु एकमेकांच्या किती जवळ येऊं शकतात, या एका साध्या प्रश्नावर ती सर्वस्वीं उभी आहे.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी होय. हीं आम्लें मुख्यतः वीस प्रकारचीं असून, अशीं शेंकडों आम्लें एकापुढें एक जोडलीं जाऊन एक साखळी तयार होते. ही साखळी सुटी लोंबत राहत नाहीं. ती विशिष्ट तऱ्हेनें वळते व दुमडते, आणि त्या घडणीवरच तिचें कार्य अवलंबून असतें. रक्तांतून प्राणवायु वाहून नेणारें हीमोग्लोबिन काय, किंवा कातडीस व हाडांस बळकटी देणारें कोलॅजेन काय, हीं सर्व प्रथिनेंच. साखळी दुमडली म्हणजे तिच्यांतील पांचवें आम्ल नव्वदाव्या आम्लाच्या शेजारीं येऊन बसूं शकतें. विजातीय विद्युद्भार असलेलीं आम्लें एकमेकांस ओढून घेतात. पाण्याशीं न जमणारीं आम्लें आंतल्या बाजूस एकत्र गोळा होतात. अशा असंख्य शेजारांनींच प्रथिनाचा आकार टिकून राहतो. परंतु या जवळिकीलाही सीमा आहे. प्रत्येक अणूस स्वतःचा असा एक घेर असतो, आणि रासायनिक बंधानें न जोडलेला दुसरा अणु त्या घेरांत शिरूं शकत नाहीं. हीं अंतरें अँगस्ट्रॉम या मापानें मोजतात. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम होय.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. १९५२ सालीं मद्रास विद्यापीठांत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गोपालसमुद्रम् नारायणन् रामचंद्रन् यांची नेमणूक झाली. त्या वेळीं त्यांचें वय तिशीच्या आंतबाहेर होतें. बंगलोर येथें सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांच्या हाताखालीं, व पुढें केंब्रिज येथें, त्यांनीं स्फटिकांचा व क्ष-किरणांचा अभ्यास केला होता. बर्नाल या नामांकित शास्त्रज्ञाची मद्रासेस भेट झाली असतां, कोलॅजेनची घडण अद्याप समाधानकारक रीतीनें उकललेली नाहीं, असें त्यांच्या बोलण्यांत आलें. वास्तविक हें प्रथिन कांहीं दुर्मिळ नव्हे. आपल्या शरीरांतील एकंदर प्रथिनांपैकीं चतुर्थांशाहून अधिक भाग कोलॅजेनचाच असतो. कातड्याचा तर तो मुख्य घटक होय. सुदैवानें मध्यवर्ती चर्मसंशोधन संस्था मद्रासेंतच असल्यामुळें नमुने मिळण्याची सोय झाली. रामचंद्रन् यांनीं गोपीनाथ कर्था या सहकाऱ्यासह काम सुरू केलें.

त्यांचा पहिला निबंध १९५४ सालीं 'नेचर' या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. कोलॅजेन ही तीन साखळ्यांची तिपेडी दोरी आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पहिल्या आराखड्यांत या तीन साखळ्या समांतर उभ्या होत्या. १९५५ सालीं त्यांनीं त्यांस एकमेकींभोंवतीं सौम्य पीळ दिला. या आराखड्यानें एका जुन्या कोड्याचाही उलगडा झाला. कोलॅजेनमध्यें सुमारें एकतृतीयांश आम्लें ग्लायसीन या एकाच प्रकारचीं असतात, हें रसायनशास्त्रज्ञांस ठाऊक होतें. पण तें कां, हें सांगतां येत नव्हतें. तीन पेड घट्ट वळले असतां मधोमध जागा जवळजवळ उरत नाहीं, आणि प्रत्येक साखळीचें दर तिसरें आम्ल तेथेंच येतें. ग्लायसीन हें वीस आम्लांत सर्वांत लहान, कारण त्याची बाजूची शाखा म्हणजे हायड्रोजनचा केवळ एक अणु. त्या अडचणींत तेंच काय तें मावूं शकतें.

त्याच वर्षीं केंब्रिजहून आक्षेप आला. आक्षेपक होते फ्रॅन्सिस क्रिक व अलेक्झांडर रिच. डी. एन. ए. च्या घडणीचा शोध लागून तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं, त्यामुळें क्रिक यांच्या शब्दास केवढें वजन होतें हें सांगावयास नको. तीन पेडांची कल्पना त्यांनीं नाकारली नाहीं. परंतु मद्रासच्या आराखड्यांत कांहीं अणु एकमेकांच्या फाजील जवळ आले आहेत. दर तीन आम्लांमागें दोन हायड्रोजन-बंध मानल्यामुळें ही दाटी झाली असून प्रत्यक्षांत एकच बंध शक्य आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. नुकत्याच उभ्या राहत असलेल्या एका भारतीय प्रयोगशाळेची ती पहिलीच मोठी कामगिरी. ती चुकीची ठरली असती तर नुसता एक निबंध बाद झाला नसता; अशा ठिकाणीं असें काम होऊं शकतें, या विश्वासासच धक्का बसला असता.

अशा प्रसंगीं दोन मार्ग सुचतात. एक म्हणजे रागानें प्रत्युत्तर देणें, व दुसरा म्हणजे मुकाट्यानें माघार घेणें. रामचंद्रन् यांनीं तिसराच मार्ग धरला. 'फाजील जवळ' म्हणजे नेमकें किती जवळ, असा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला. आणि शोध घेतां असें दिसून आलें कीं, ज्या अंतरांच्या आधारें हा आक्षेप घेतला गेला, तीं अंतरेंच कोणी कसोशीनें तपासून पाहिलेलीं नव्हतीं. तेव्हां शशिशेखरन् या तरुण सहकाऱ्यासह त्यांनीं, अमिनो आम्लांच्या व तत्सम लहान रेणूंच्या ज्या स्फटिकांची घडण तोंपर्यंत प्रसिद्ध झाली होती, त्यांची छाननी केली. प्रत्येक जातीच्या अणूंच्या जोडीकरितां दोन मर्यादा ठरविण्यांत आल्या, एक नेहमींची व दुसरी अखेरची. कार्बनच्या दोन अणूंकरितां या मर्यादा ३.२० व ३.०० अँगस्ट्रॉम, तर हायड्रोजनच्या दोन अणूंकरितां २.०० व १.९० अँगस्ट्रॉम अशा निघाल्या.

येथवर जें झालें तें स्वसंरक्षण म्हणतां येईल. पण कोष्टक हातीं आल्यावर त्याचा उपयोग एकट्या कोलॅजेनपुरता कां करावा? पत्त्यांचीं दोन पानें कोंपऱ्याशीं जोडलीं असतां दोन्ही पानें जशीं त्या सांध्याभोंवतीं फिरवितां येतात, तशीच प्रथिनाच्या साखळीची स्थिति असते. पाउलिंग व कोरी यांनीं पूर्वींच दाखविल्याप्रमाणें दोन आम्लांमधील जोड सपाट असतो. म्हणून प्रत्येक सांध्यापाशीं साखळीस दोनच कोनांतून वळण्याची मोकळीक राहते. रामचंद्रन्, रामकृष्णन् व शशिशेखरन् यांनीं या दोन कोनांच्या निरनिराळ्या जोड्या घेऊन, कोणत्या जोडींत अणु एकमेकांस अडतात व कोणत्या जोडींत अडत नाहींत, हें गणितानें काढलें व त्याचा नकाशा तयार केला. हा निबंध १९६३ सालीं प्रसिद्ध झाला.

नकाशा पाहतांच एक गोष्ट ध्यानांत येते. ग्लायसीन वगळलें तर बहुतेक आम्लांस त्यांतील चतुर्थांशाहूनही कमी प्रदेश मोकळा आहे. बाकीचा सर्व निषिद्ध. पाउलिंग यांनीं १९५१ सालीं सांगितलेलें मळसूत्र त्या मोकळ्या प्रदेशांतच पडतें. पुढें एकामागून एक प्रथिनांची घडण उलगडत गेली, तींही थोडे अपवाद सोडतां याच प्रदेशांत सांपडलीं. आज जगांतील कोणत्याही प्रयोगशाळेंत प्रथिनाची नवी घडण निश्चित झाली, कीं ती 'रामचंद्रन्-नकाशा'वर ताडून पाहण्याची पद्धत आहे.

अर्थात् हा नकाशा निषेधाचा आहे. कोणी कोणाच्या शेजारीं बसावें हें तो सांगत नाहीं. तें काम पुढील पिढ्यांनीं केलें. प्रथिनांतील कोणत्या दोन आम्लांमध्यें सुमारें आठ अँगस्ट्रॉमांच्या आंतलें अंतर आहे, याचे तक्ते तयार होऊं लागले. नंतर असें दिसलें कीं, निरनिराळ्या प्राण्यांतील एकाच प्रथिनाची तुलना केली असतां, एक आम्ल बदललें तर त्याचा दूरचा सोबतीही बदललेला आढळतो. आणि असे दोघे बहुधा घडणींत शेजारीच असतात. या खुणांचा उपयोग पुढें यंत्रगणनेस झाला, व २०२० सालीं नुसत्या आम्लांच्या क्रमावरून घडण वर्तविण्यांत मोठें यश आलें. त्याबद्दल हसाबिस व जंपर यांस २०२४ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

मग मूळ वादांत खरें कोणाचें ठरलें? १९९४ सालीं कोलॅजेनसदृश एका लहान रेणूची घडण स्फटिकावरून प्रत्यक्ष दिसली. पेड तीनच होते. दर तिसऱ्या जागीं ग्लायसीन हवें, हेंही खरें. मात्र साखळ्यांमधील सरळ हायड्रोजन-बंध दर तीन आम्लांमागें एकच होता, आणि पाण्याचे रेणु साखळ्यांस बाहेरून सांधीत होते. म्हणजे रचनेचा गाभा मद्रासचा व तपशीलाची दुरुस्ती केंब्रिजची, असा निवाडा करणें न्याय्य होईल. ग्लायसीनच्या जागेचें महत्त्व तर वैद्यांसही पटलें आहे. ती एक जागा मोठ्या आम्लानें घेतली, तर मुलांचीं हाडें कांचेसारखीं ठिसूळ होणारा जन्मजात रोग उद्भवूं शकतो.

रामचंद्रन् २००१ सालीं निवर्तले. नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें नाहीं, याची खंत आपल्याकडे वारंवार बोलून दाखविली जाते. ती अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तींत त्यांच्या चरित्रांतील खरा धडा झांकला जातो. आक्षेपाचा हेतु शोधीत बसण्यापेक्षां त्यांतील गृहीत गोष्ट त्यांनीं तपासून पाहिली, आणि त्या तपासांतून निघालेलें फळ आक्षेपकांसह सर्वांच्याच उपयोगीं पडलें. आमच्याकडील विद्वानांच्या वादांत ही रीत जितकी रुळेल, तितका लाभ वादी व प्रतिवादी अशा दोघांचाही होईल.