लूनाला पेडल कशाला?

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या ‘चाओ’वर ती बेतलेली होती. अमरावती-अकोल्याकडे शिक्षक, दूधवाले, दुकानदार अशा अनेकांची ती पहिली मोटरगाडी. इंजिन असूनही तिला सायकलसारखी पेडल्स होती. ती कशासाठी?

पेट्रोल इंजिन आपले आपण सुरू होत नाही. वाफेच्या इंजिनासाठी बॉयलरमध्ये दाब आधीच तयार असतो. पेट्रोल इंजिनाला मात्र हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत ओढून दाबावे लागते, आणि त्यासाठी ते आधी फिरायला हवे! हे पहिले फेरे बाहेरून द्यावे लागतात. मोपेडमध्ये ते काम पायांचे. १९५२ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेला ‘मोपेड’ हा शब्दच मोटर आणि पेडल यांच्या जोडणीतून आला आहे.

पण पाय आणि इंजिन एकाच चाकाला जोडले, तर इंजिनाबरोबर पेडल्सही गरगरा फिरतील. यावरचा उपाय सायकलीतच होता. सायकल उलटी ठेवून पेडल मागे फिरवून पाहा. टकटक आवाज येतो, पण चाक ओढले जात नाही. फ्रीव्हीलमधले खटके दातेरी कड्यात एकाच दिशेने अडकतात. त्यामुळे पाय चाकाला फिरवू शकतो, चाक पायाला नाही. अमेरिकेतल्या विल्यम व्हॅन अँडेन यांनी १८६९ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले. सायकलींवर ती रुळायला आणखी सुमारे तीस वर्षे गेली.

आता इंजिनाची बाजू पाहू. गाडी थांबली तरी इंजिन चालू राहावे म्हणून केंद्रोत्सारी क्लच असतो. इंजिनाचा वेग वाढला की त्याचे गुटके बाहेर फेकले जातात आणि ड्रमला घट्ट धरतात. बंद इंजिनात मात्र ते सुटेच असतात. मग पेडलचा जोर इंजिनापर्यंत पोचणार कसा? त्यासाठी सुरुवातीपुरती दुसरी जोडणी ठेवतात. ती चाकाकडून इंजिनाला फिरवते आणि इंजिन चालू झाल्यावर सुटते.

दूरच्या गावी पेट्रोल संपले, तर हीच पेडल्स मारत घर गाठता येई. २०२४ मध्ये विजेवरची ई-लूना आली. विजेची मोटर थांबलेल्या स्थितीतूनच जोर लावते, म्हणून तिला पेडल्स नाहीत. पण वाटेत बॅटरी संपली, तर काय करायचे? हा प्रश्न आपण वर्गात जरूर विचारू या.