कारंजाच्या चार वेशी आणि आपलं एक फाटक

स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी द्या" असं संपादक मंडळानं सांगितलं, तेव्हा मी हसून म्हटलं, "बाप्पा, पंचवीस वर्षांच्या सोसायटीचा इतिहास तो काय असणार? पाण्याची टाकी, रस्त्याची खडी अन् नालीचं भांडण!" पण घरी आल्यावर विचार करत बसलो. पंचवीस वर्षांपूर्वी इथं वावर होतं. आज संध्याकाळी फाटकापाशी उभं राहिलं तर कोणी मालेगावकडचा, कोणी मानोऱ्याकडचा, कोणी अकोल्याहून बदलून आलेला, कोणी खेड्यातली शेती बटईनं देऊन पोरांच्या शाळेसाठी आलेला. मूळचे शेलूबाजारचे म्हणावेत असे किती, ते बोटांवर मोजता येतील.

हाच प्रकार आपल्या शेजारच्या एका गावात सहाशे-सातशे वर्षं चालत आला आहे. ते गाव म्हणजे कारंजा. म्हणून सोसायटीच्या स्मरणिकेत कारंजाच्या जुन्या वस्तीविषयी लिहितो आहे. शेवटी मुद्द्यावर येतोच, तोपर्यंत वाचकांनी दम धरावा.

लहानपणी आजोबांबरोबर कारंजाच्या बाजाराला जायचो. जुन्या गावाला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. ज्या गावाकडे वाट जाते त्याचं नाव वेशीला. दारव्हा, मंगरूळ, पोहा ही नावं मला कळायची, पण दिल्ली? मी आजोबांना विचारलं, "आबा, इथून दिल्ली दिसते काय?" ते म्हणाले, "दिसत नाही रे, पण तिथला माल इथं येत होता." पुढे शिकलो, वाचलं, तेव्हा समजलं की त्यांचं उत्तर बरोबर होतं. चार दिशांना तोंड असलेलं हे व्यापाराचं गाव होतं आणि मालाबरोबर माणसंही येत होती.

गावाचं पूर्ण नावच बघा ना, कारंजा लाड. लाड म्हणजे लाट देशचे लोक. लाट म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातचा भाग. तिकडून व्यापारासाठी आलेल्या लोकांची इथं इतकी वस्ती झाली, की गावाच्या नावाला त्यांचं नाव चिकटलं. करंज ऋषींच्या नावावरून कारंजा झालं अशी कथा आहे, ती कथा म्हणून सांगू. पण 'लाड' हा शब्द मात्र सरळ सांगतो की गावाची ओळख बाहेरून आलेल्यांनी ठरवली. आज लाड मंडळींना कोणी परप्रांतीय म्हणेल काय? घरात मराठी, ताटात झुणका-भाकर.

त्याच गावात राजस्थानातून बघेरवाल जैन आले. दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांच्या भट्टारकांच्या गाद्या कारंजात होत्या आणि तिन्हींची मंदिरं जुन्या गावात आहेत. या मंदिरांतल्या कपाटांत शेकडो वर्षं हस्तलिखितं जपून ठेवलेली होती. 1926 साली नागपुरात रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तेव्हा कारंजाच्या भांडाराकडे विद्वानांचं लक्ष गेलं. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्यातले ग्रंथ उजेडात आणले. 'कारंजा जैन ग्रंथमाला' निघाली. तिचा पहिला ग्रंथ म्हणजे दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचा अपभ्रंश भाषेतला 'जसहरचरिउ', डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलेला, 1931 सालचा. अपभ्रंश म्हणजे आपल्या आजच्या भाषांच्या आधीची पायरी. आज मराठी-हिंदीचा अभ्यास करणाऱ्याला जे साहित्य लागतं, त्यातलं काही आपल्या जिल्ह्यातल्या एका गल्लीत, बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांनी, वाळवीपासून वाचवून ठेवलं होतं.

आणि त्याच गावात श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म. परंपरेनं त्यांचं जन्मसाल 1378 मानतात. 'गुरुचरित्रा'त माधव आणि अंबा या ब्राह्मण दांपत्याच्या घरी ते जन्मले आणि लहानपणीच काशीकडे निघून गेले अशी कथा आहे. आज गुरुमंदिरात दर्शनाला महाराष्ट्र-कर्नाटकातून लोक येतात. एका तटबंदीच्या आत दत्तसंप्रदायाचं जन्मस्थान आणि जैनांच्या तीन गाद्या, असं हे गाव.

मुसलमानी अमलातलं गावाचं एक नाव 'बिबीचं कारंजा' असंही सांगतात. हे गाव निजामशाही घराण्यातल्या एका बेगमेला आंदण मिळालं होतं, अशी आठवण त्यामागे आहे. वऱ्हाडात आधी इमादशाही होती, 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती बुडवली, 1596 मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला आणि 1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाचा अंमल सुरू झाला. प्रत्येक अमलाबरोबर शिपाई, कारकून, काझी, कारागीर आले. काही परत गेले, बरेच राहिले. आपल्याकडच्या मुसलमान घरांत बोलली जाणारी भाषा ऐका. ती लखनौची उर्दू नाही आणि पुस्तकातली मराठीही नाही. "किधर जारा बाप्पा?" असं विचारणारा माणूस वऱ्हाडचाच.

कारंजाच्या श्रीमंतीची एक दंतकथा आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेली. एक व्यापारी कस्तुरी लादलेले उंट घेऊन गावोगाव फिरत होता, पण इतकी कस्तुरी एकरकमी घेणारा कोणी भेटेना. कारंजातल्या एका सावकारानं सगळी विकत घेतली आणि त्याच वेळी बांधकाम सुरू असलेल्या आपल्या वाड्याच्या चुन्यात ओतली! तोच कस्तुरीचा वाडा. खरं-खोटं देव जाणे, पण गावाची ख्याती अशी होती हे खरं. त्या ख्यातीमुळेच डिसेंबर 1670 मध्ये, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, मराठ्यांच्या फौजा कारंजावर आल्या. चार हजार बैल आणि गाढवांवर लादून सोनं, चांदी, उंची कापड नेल्याचं इतिहासकार लिहितात. गावातला सर्वांत मोठा धनिक बाईच्या वेशात निसटला, कारण मराठी फौजेत स्त्रियांना हात लावायची मनाई होती. शाळेत शिकवताना हा प्रसंग सांगितला की पोरं विचारायची, "सर, मंग आपण कोणाकडून? लुटणाऱ्याकडून का लुटलेल्याकडून?" मी सांगायचो, दोघांकडूनही. ज्यांच्या नावानं आपण जयजयकार करतो ते राजे आपले, आणि ज्यांचे वाडे लुटले गेले ते शेजारीही आपलेच.

पुढे वऱ्हाडात दुअमली आली, म्हणजे निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचाही हिस्सा. शेतकऱ्याला दोन धनी. 1803 मध्ये अडगावची लढाई आणि देवगावचा तह झाला, भोसल्यांचा हिस्सा गेला. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. आणि मग आला कापूस.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. वऱ्हाडच्या काळ्या मातीचं सोनं झालं. मारवाडी, गुजराती व्यापारी, दलाल, अडते वऱ्हाडभर पसरले, मागोमाग जिनिंग-प्रेसिंगवाले आले. 1886 साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार कारंजात सुरू झाला. आज आपण मार्केट यार्डात माल नेतो, काट्यावर मोजून घेतो, त्या व्यवस्थेची सुरुवात आपल्या शेजारी झाली, हे पोरांना सांगायला पाहिजे. पण 1867 मध्ये नागपूरला पोचलेली मोठी रेल्वे कारंजाला बाजूला ठेवून मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून गेली. व्यापार अकोला-अमरावतीकडे वळला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रुळांची शकुंतला कारंजावरून धावू लागली, कापूस वाहून दमली आणि आता तीही बंद आहे.

रेल्वेनं आणखी एका समाजाचं आयुष्य उलटंपालटं केलं. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून देशभर फिरणारे बंजारे. त्यांची लदेणी गाडीनं खाल्ली. तांडे एका जागी थांबले, डोंगरकाठाला शेती करू लागले. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी आज देशभरच्या बंजारा समाजाचं तीर्थ आहे. आपल्या सोसायटीतल्या तीन-चार घरांची मुळं अशाच तांड्यात आहेत.

एवढं वाचून कोणाला वाटेल, वा, किती गुण्यागोविंदानं राहत होते सगळे! इथं मला थांबावं लागतं. वेस म्हणजे आत येण्याचं दार, तशीच ती बाहेर ठेवण्याचीही सोय. गुजरात-राजस्थानातून आलेल्या व्यापाऱ्याला गावाच्या मधोमध वाडा बांधता आला. पण पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राबणाऱ्या, गावाची राखण करणाऱ्या महार-मांग कुटुंबांची जागा गावकुसाबाहेर. ही गोष्ट एकट्या कारंजाची नाही, वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या गावांची आहे. मूळचा कोण आणि बाहेरचा कोण, हा हिशेब किती खोटा असतो ते इथं दिसतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या भागातल्या वस्त्यांनी जुनी नावं टाकून नवी घेतली. गावोगाव विहार उभे राहिले. माणसं त्याच घरांत राहिली, पण मान वर करून राहू लागली. माझ्या मते वस्तीच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच.

आता ते जुनं गाव पुन्हा बदलतं आहे. वाड्यांच्या मालकांची मुलं पुण्या-मुंबईला, काही परदेशात. कुलपं लागलेली दारं, कोरीव खांब, आणि शेजारी नवीन स्लॅबचं घर, त्यात खेड्यातून आलेलं कुटुंब. कोणी म्हणतात, कारंजाचं जुनेपण गेलं. मला तसं वाटत नाही. लाड आले तेव्हाही कोणीतरी हेच म्हणालं असेल.

आता मुद्द्यावर येतो.

सोसायटीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सभासदाला आपला प्लॉट विकायचा होता. घेणारं कुटुंब नोकरीवालं, सरळ, फक्त आपल्यातल्या बहुतेकांहून वेगळ्या समाजाचं. चहाच्या टपरीवर कुजबुज झाली. "बाहेरच्याले कायले घुसवता सोसायटीत?" बोलणारा स्वतः दुसऱ्या तालुक्यातून आलेला! सभेत ठराव वगैरे काही झाला नाही, नुसती कुजबुज. तेवढ्यानं काम झालं. त्या कुटुंबानं दुसरीकडे जागा घेतली. मी इतिहास शिकवणारा माणूस, तिथंच बसून चहा पीत होतो. एक शब्द बोललो नाही. आज पंचवीस वर्षांचा जमाखर्च मांडताना ही नोंद माझ्या नावे टाकायलाच हवी, म्हणून हा लेख.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 यात कलम 23 आहे, खुल्या सभासदत्वाचं. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. आपल्या कार्यालयाच्या कपाटात ते पुस्तक आहे, वेळ मिळेल तेव्हा वाचावं. पण कायदा कुजबुजीला लागू होत नाही. तिथं माणसानंच तोंड उघडावं लागतं.

आणि वेळही तशीच आली आहे. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. आपल्या शेलूबाजारलाच त्याचा चढ-उतार आहे. कारंजाला जे दिल्ली वेशीनं दिलं, ते आपल्याला या रस्त्यानं मिळू शकतं. गोदामं येतील, हॉटेलं येतील, कामगार येतील, जमिनीचे भाव वाढतील. वेगळ्या भाषेची, वेगळ्या ताटाची माणसं आपल्या फाटकाशी येऊन विचारतील, "इथं घर मिळेल काय?"

संपादक मंडळाला माझी एक सूचना आहे. रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं एक जाडजूड वही करावी. प्रत्येक घरानं एक पान लिहावं: आपलं मूळ गाव कोणतं, आजोबा कुठून आले, घरात आजी कोणती बोली बोलायची, इथं का आलो. कारंजाच्या मंदिरांत पोथ्या जपल्या म्हणून आज आपल्याला काही कळतं. आपली वही पन्नास वर्षांनी कोणाच्या कामी येईल, कोण जाणे. पहिलं पान मी लिहून देतो. आमचे पणजोबा दुष्काळात गाव सोडून बैलगाडीनं इकडं आले आणि त्यांना राहायला जागा देणारा माणूस त्यांच्या जातीचा नव्हता, धर्माचाही नव्हता. ही गोष्ट मला घरी लहानपणीच सांगितली होती. टपरीवर बसलो होतो तेव्हा ती आठवायला पाहिजे होती.

सर्व सभासदांना, माता-भगिनींना आणि बच्चेकंपनीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. वही कार्यालयात ठेवली की कळवा, पेन मी आणतो.