‘लैला’चा उत्तरार्ध

निजामीच्या काव्यावरून नाव घेतलेल्या ‘लैला’ (१९७०) या रॉकगीताचे कर्ते दोन: एरिक क्लॅप्टन आणि ड्रमवादक जिम गॉर्डन. पियानोचा शांत उत्तरार्ध गॉर्डनच्या नावावर. ती सुरावट मुळात आपली, असे गायिका रीटा कूलिज मात्र सांगत आली. पुढे गॉर्डनला आवाज ऐकू येऊ लागले, त्यांत आईचाही. जून १९८३मध्ये त्याने आईचा खून केला. स्किझोफ्रेनियाचे निदान झाले ते त्यानंतर. मजनूच्या उन्मादाला आपण काव्य म्हणतो. इथे तो शब्द वापरणे आम्हांला निर्दयपणाचे वाटते. न्यायालयाने आजार मान्य केला, तरी कायद्यातील बचाव त्याला लाभला नाही. १९८४मध्ये सोळा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. १९९३मध्ये ‘लैला’ला ग्रॅमी मिळाले, तेव्हा सहकर्ता तुरुंगात होता. मार्च २०२३मध्ये तो वारला, तोही बंदिवासातच.