'सीडी'चं कूळ

गेल्या सत्रात आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी टर्मिनल उघडून माझ्याकडे आली. प्रॅक्टिकलच्या फोल्डरपर्यंत रोज सगळा पत्ता टाइप करत जायचा तिला कंटाळा आला होता. म्हणून तिने एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली: 'सीडी', आणि पुढे फोल्डरचा पत्ता. स्क्रिप्ट चालवली, एररही आली नाही. पण आपण कुठे आहोत हे सांगणारी 'पीडब्ल्यूडी' कमांड टाकून पाहिलं तर ती होती तिथेच.

"मॅडम, सीडी चालतच नाहीये."

मी तिला म्हटलं, बस. ज्यांनी युनिक्स घडवलं, त्यांनाही हाच प्रश्न पडला होता.

सीडी म्हणजे 'चेंज डिरेक्टरी', आपण उभे आहोत ती जागा बदलणं. या कमांडचं घराणं युनिक्सच्याही आधीच्या मल्टिक्स या संगणक प्रणालीपर्यंत मागे जातं. १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्ससाठी फायलींची झाडासारखी रचना मांडली: फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. फायलींची यादी देणारी 'एलएस' आणि 'पीडब्ल्यूडी' ही नावं मल्टिक्समधल्याच लांब नावांची लघुरूपं आहेत. मल्टिक्सच्या प्रकल्पात बेल लॅब्ज ही संशोधन संस्थाही होती. १९६९ साली ती त्यातून बाहेर पडली आणि न्यू जर्सीतल्या मरे हिलला केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर नवी प्रणाली उभी करायला घेतली. डेनिस रिची सोबतीला होते. तेच युनिक्स.

त्या पहिल्या युनिक्समध्ये स्लॅश देऊन लिहायचा पत्ता नव्हताच. सगळ्यांच्या डिरेक्टऱ्या ज्या एका डिरेक्टरीत नोंदलेल्या असत, तिला 'डीडी' म्हणत. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जायचं तर आधी डीडीत जायचं, मग तिथून त्याच्या नावावर. आज आपण वर जायला 'डॉट डॉट' लिहितो, तसं तेव्हा डीडी. कमांडचं नावही तेव्हा नुसतं 'सीएच' होतं. पीडीपी-११ या पुढच्या यंत्रावर आल्यावर ते 'सीएचडीआयआर' झालं आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'सीडी'. नावं अशी तोकडी असण्याचं कारण समोरच्या टेलिटाइपमध्ये होतं. टाइप केलेलं आणि यंत्राने दिलेलं उत्तर, दोन्ही कागदावर उमटायचं, सेकंदाला जेमतेम १० अक्षरं. कळाही जड. पीडब्ल्यूडीतला पी 'प्रिंट'चा आहे, कारण उत्तर खरोखरच छापून येई.

आता त्या मुलीचा प्रश्न. सुरुवातीला एका टर्मिनलमागे एकच प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, असायची, त्यामुळे जागा बदलली की ती बदललेली राही. पुढे रचना सुधारली. शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम, प्रत्येक कमांडसाठी नवी प्रोसेस जन्माला घालू लागला, काम झालं की ती संपायची. सगळे खूश होते, तेवढ्यात लक्षात आलं की जागा बदलायची कमांड बंद पडली आहे. कोड पुन्हा पुन्हा वाचला गेला, तेव्हा कारण सापडलं. कमांड आपलं काम चोख करत होती, पण जागा बदलत होती ती जन्माला आलेल्या नव्या प्रोसेसची. मुलाला मंडईत पाठवलं, मूल मंडईत पोचलं. आपण मात्र घरातच. म्हणून ही एक कमांड शेलला स्वतःच्या अंगात घ्यावी लागली. आजही टर्मिनलवर 'टाइप सीडी' असं लिहून एंटर मारा. सीडी ही शेलच्या आतलीच आहे, असं उत्तर येतं.

मग पत्ता. सुरुवातीच्या स्लॅशपासून निघणारा पूर्ण पत्ता मुलांना अवघड वाटतो. तेव्हा मी त्यांना पाकीट दाखवते: सदाशिव पेठ, पुणे ४११०३०. शब्द आतून बाहेर येतात, आकडे बाहेरून आत जातात. पहिला ४ विभागाचा, ४११ पुण्याचा, शेवटचे ३ आकडे टपाल कार्यालयाचे. केळशीचे संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. युनिक्सचा पूर्ण पत्ता असाच, मोठ्याकडून लहानाकडे. चौकातून डावीकडे वळून तिसरा वाडा, हा झाला सापेक्ष पत्ता. तो खरा, पण ऐकणारा कुठे उभा आहे हे माहीत असेल तरच. म्हणून पीडब्ल्यूडी आधी, सीडी नंतर.

हे जुनं झालं असं कुणी समजू नये. १९८८ साली पुण्यात सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र स्थापन झालं, १९९१ ला तिथे 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. आज पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. अशा यंत्रासमोर जाऊन कुणी बसत नाही. संशोधक दुरून लॉगिन करतात आणि समोर येतं ते रिकामं टर्मिनल. तिथेही पहिल्या कमांडी याच. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फाइल कुठे आहे हे कधी विचारावंच लागलेलं नसतं. इथे ते पहिल्या दिवशी विचारावं लागतं. आणि मला मनापासून वाटतं की कमांडी घोकून घेण्याआधी त्यांची कुळी सांगावी. प्रत्येक अक्षरामागे कुणाची तरी अडचण आहे, आणि ती कळली की कमांड विसरत नाही.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं: स्क्रिप्ट नुसती चालवू नकोस, तिच्या नावाआधी 'सोर्स' लाव, म्हणजे तुझा शेल स्वतः ती वाचेल. तिने तसं केलं, एंटर मारला आणि पीडब्ल्यूडी विचारलं. प्रॅक्टिकलच्या फोल्डरचं नाव आलं. थोडं थांबून ती म्हणाली, "म्हणजे आता मंडईत मीच गेले."