रक्तशर्करा उतरणे (दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, अमेरिका)

रक्तशर्करा उतरणे : रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे व त्यामुळे घाम, थरथर, धडधड, गोंधळ असा त्रास होणे. रोजच्या बोलण्यात याला 'शुगर लो होणे' म्हणतात, वैद्यकात हायपोग्लायसेमिया. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मूळ दुखणे साखर वाढण्याचे असते. ती प्रमाणाबाहेर उतरते ती बहुतेक वेळा उपचारामुळे: औषधाचा जोर टिकून आहे आणि त्या मानाने पोटात अन्न नाही, अशा वेळी. त्यामुळे हा त्रास मोठ्या प्रमाणात टाळता येण्याजोगा आहे. त्याचे मोजमाप, त्याची कारणे आणि त्यामागची सामाजिक परिस्थिती यांवर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे.

पातळ्या : अमेरिकन डायबेटिस असोसिएशन साखर उतरण्याच्या तीन पातळ्या मानते. ७० ते ५४ ही पहिली. साखर येथे आली की खाऊन ती सावरायची. ५४ च्या खाली दुसरी. येथे मेंदूला ग्लुकोज अपुरे पडू लागते. तिसऱ्या पातळीला आकडा नाही. रुग्ण स्वतःला सावरू शकत नाही, दुसऱ्याची मदत लागते, हीच तिची खूण. भारतात आणि अमेरिकेत साखर एकाच एककात मोजतात, त्यामुळे हे आकडे दोन्हीकडे सारखेच लागू पडतात.

शरीरातील घडामोड : निरोगी शरीरात साखर ८० च्या आसपास आली की इन्शुलिनचा स्राव कमी होतो. ती आणखी उतरली की ग्लुकागॉन आणि अॅड्रेनलिन ही संप्रेरके यकृतातील साठा रक्तात सोडायला लावतात. टोचलेले इन्शुलिन किंवा गोळीने स्रवलेले इन्शुलिन मात्र असे आपोआप कमी होत नाही. मधुमेह जुना झाला की ग्लुकागॉनचा प्रतिसादही मंदावतो. साखर वरचेवर उतरत राहिली तर अॅड्रेनलिनचा इशारा बोथट होतो आणि रुग्णाला काही जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील फिलिप क्रायर यांनी या दुष्टचक्राचा दीर्घकाळ अभ्यास केला. काही आठवडे साखर उतरू न दिल्यास ही जाणीव बऱ्याच अंशी परत येते.

लक्षणे : अॅड्रेनलिनमुळे घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, जीव घाबरा होतो आणि कडकडून भूक लागते. मेंदूला ग्लुकोज कमी पडल्याने डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ अडखळते, माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. पुढे झटके येऊन बेशुद्धी येते. झोपेत साखर उतरली तर वाईट स्वप्ने पडतात, कपडे घामाने भिजतात, सकाळी डोके दुखते. वृद्धांमध्ये हा त्रास पुष्कळदा चक्कर, पडणे किंवा विसराळूपणा म्हणून समोर येतो आणि वयावर ढकलला जातो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड व थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो.

ज्यांची साखर महिनोन्महिने २०० ते ३०० राहिली आहे, त्यांना उपचार सुरू झाल्यावर ९० किंवा १०० वरही हाच त्रास होतो. शरीराला चढ्या साखरेची सवय झालेली असते. हा त्रास खराच असतो, पण त्यात मेंदूला धोका नसतो आणि काही आठवड्यांत तो ओसरतो. अशा वेळी दर खेपेला गोड खाल्ले तर साखर पुन्हा चढते. म्हणून बरे वाटेनासे झाले की शक्य असेल तर आधी ग्लुकोमीटरवर आकडा पाहावा. मोजण्याची सोय नसेल तर साखर उतरली आहे असे समजून लगेच उपचार करावा.

कारणे : इन्शुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड, ग्लायब्युराइड) ही प्रमुख कारणे. त्यांपैकी ग्लायब्युराइडचा परिणाम दीर्घकाळ टिकतो आणि मूत्रपिंड मंदावल्यास ते अंगात साचते. वृद्धांसाठी ते टाळावे असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी सांगते. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा सेमाग्लुटाइड यांपैकी एखादे एकटे घेतल्यास साखर फारशी उतरत नाही. त्यांना इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरियाची जोड मिळाली की मात्र धोका वाढतो. जेवण चुकणे, नेहमीपेक्षा जास्त चालणे, रिकाम्या पोटी मद्य घेणे, उलट्या-जुलाब, मूत्रपिंडाचा विकार ही इतर निमित्ते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे साखर इतकी उतरू शकते की रुग्ण कोमात जाईल, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला.

इतिहास : टोरंटोत १९२२ मध्ये इन्शुलिनचा पहिला वापर झाला आणि इंडियानापोलिसच्या एलाय लिली कंपनीने त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. त्याबरोबर साखर उतरण्याचा अनुभवही डॉक्टरांना नव्याने येऊ लागला. १९२३ मध्ये रोचेस्टर येथे किंबल आणि मर्लिन यांनी साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनला नाव दिले. अलाबामातील सील हॅरिस यांनी १९२४ मध्ये इन्शुलिन न घेणाऱ्या माणसांतही अशीच लक्षणे नोंदवली. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक अॅलन व्हिपल यांनी निदानाची त्रिसूत्री मांडली: लक्षणे असणे, त्याच वेळी साखर कमी भरणे आणि साखर दिल्यावर लक्षणे जाणे. ती आजही वापरात आहे.

गोळ्यांचा इतिहासही साखर उतरण्यापासूनच सुरू होतो. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वरावर सल्फा औषध देताना रुग्णांची साखर घसरत असल्याचे जाँबाँ यांना दिसले. त्या धाग्यातून सल्फोनिलयुरिया औषधे निघाली. त्यांपैकी मिशिगनमधील अपजॉन कंपनीचे टॉलब्युटामाइड १९५७ मध्ये अमेरिकेत आले.

'साखर जितकी कमी तितके चांगले' या समजाला अॅकॉर्ड चाचणीने धक्का दिला. अमेरिका व कॅनडातील ७७ केंद्रांवर दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि हृदयविकाराचा मोठा धोका असलेले १०,२५१ रुग्ण तीत होते. निम्म्यांची एचबीए१सी पातळी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक) सहा टक्क्यांच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त आढळल्याने फेब्रुवारी २००८ मध्ये ते कडक उपचार थांबवण्यात आले. वैद्यकीय मदत लागेल इतकी साखर उतरण्याचे प्रमाण त्या गटात १०.५ टक्के होते, दुसऱ्या गटात ३.५ टक्के. मृत्यू साखर उतरल्यानेच झाले असे सिद्ध झाले नाही. पण प्रत्येकासाठी एकच कडक उद्दिष्ट धरणे त्यानंतर मागे पडले. आज बहुतेक प्रौढांसाठी एचबीए१सी सातच्या खाली, तर अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी आठपर्यंत अशी सैल मर्यादा ठेवतात.

व्याप्ती आणि दारिद्र्य : २००७ ते २००९ या काळातील नोंदींवरून अमेरिकेत ६५ वर्षांवरील सुमारे एक लाख लोकांना दरवर्षी औषधांच्या दुष्परिणामामुळे तातडीने इस्पितळात दाखल करावे लागत असे, असा अंदाज निघाला. त्यांत इन्शुलिनचा वाटा सुमारे १४ टक्के, तर मधुमेहाच्या गोळ्यांचा सुमारे ११ टक्के होता.

याहून बोलका अभ्यास कॅलिफोर्नियातला आहे. हिलरी सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००० ते २००८ मधील इस्पितळांच्या नोंदी तपासून तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. अल्प उत्पन्न गटात साखर उतरून दाखल होणाऱ्यांचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होते. जास्त उत्पन्न गटात अशी वाढ नव्हती. अन्नासाठीची सरकारी मदत बहुधा महिन्याच्या सुरुवातीला मिळते, अखेरीस घरातले अन्न संपत येते, गोळी मात्र रोजचीच असते. या रुग्णांना बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे. घरात दोन्ही वेळचे अन्न आहे का, हा प्रश्न मधुमेहाच्या तपासणीचाच भाग असायला हवा.

उपचार : अमेरिकेत '१५-१५ चा नियम' शिकवतात. १५ ग्रॅम साखर घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा घ्यावी. अर्धा कप फळांचा रस, एक मोठा चमचा साखर किंवा मध, अथवा ग्लुकोजच्या तीन-चार गोळ्या एवढे पुरते. पेढा, बर्फी किंवा चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. म्हणून प्रथमोपचारासाठी ते नकोत. अॅकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी साध्या साखरेवर विसंबू नये, निव्वळ ग्लुकोज घ्यावे. साखर सावरल्यावर पुढचे जेवण लांब असेल तर थोडे खावे.

रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवून ९११ या अमेरिकेतील तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा आणि घरात ग्लुकागॉन असल्यास द्यावे. नाकात फवारायचे ग्लुकागॉन अमेरिकेत २०१९ पासून मिळते. सल्फोनिलयुरियाने उतरलेली साखर एकदा सावरूनही पुन्हा उतरू शकते, त्यामुळे अशा रुग्णाला इस्पितळात देखरेखीखाली ठेवतात.

मराठी कुटुंबे : मुलांकडे अमेरिकेत राहायला जाणारे आईवडील बहुधा भारतातली औषधे बरोबर नेतात. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी भारतात सर्रास चालते. ती नुसती मेटफॉर्मिन समजली जाण्याचा धोका असतो. भारतातले ग्लिबेनक्लॅमाइड म्हणजेच अमेरिकेतले ग्लायब्युराइड. म्हणून औषधांची यादी घटक आणि मात्रेसह जवळ असावी. लांबच्या विमानप्रवासात जेवणाच्या वेळा बदलतात. मात्रांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि ग्लुकोज हातातल्या पिशवीत ठेवावे. उपासाच्या दिवसांसाठीही मात्रा अशीच आधी ठरवून घ्यावी. संकष्टीचा चंद्रोदय अमेरिकेच्या उत्तर भागात उन्हाळ्यात फार उशिरा होतो. नेहमीची गोळी घेऊन तोवर उपाशी राहणे धोक्याचे आहे.

प्रतिबंध : त्वचेवरील संवेदकाने सतत साखर मोजण्याच्या यंत्रांचा खर्च मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी विमा योजना २०२३ पासून कोणतेही इन्शुलिन घेणाऱ्यांना, तसेच साखर वारंवार उतरणाऱ्यांना देते. मार्च २०२४ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या पहिल्या अशा यंत्राला परवानगी मिळाली. मात्र ते साखर उतरल्याचा इशारा देत नाही, त्यामुळे हा त्रास असणाऱ्यांसाठी ते नाही. गाडी चालवण्यापूर्वी साखर मोजणे आणि मधुमेहाची नोंद असलेले ओळखपत्र जवळ ठेवणे उपयोगी पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साखर उतरल्याचा प्रत्येक प्रसंग डॉक्टरांना वेळ, आकडा आणि त्याआधीच्या जेवणासह सांगणे. अनेक रुग्ण संकोचाने तो लपवतात. पण तो समजल्यावाचून मात्रा घटवता येत नाही, आणि योग्य वेळी मात्रा घटवणे हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग आहे.